परदेशप्रवास-स्वातंत्र्य चळवळ, अमेरिकेतील

परदेशी जाण्यावर शासनाने घातलेल्या निर्बंधांविरुद्ध अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरिकांनी चालविलेली चळवळ. तिला एक संघटना, एक नेता वा एक कार्यक्रम असा कधीच नव्हता. कलावंत, शास्त्रज्ञ, पत्रकार, विद्यार्थी, धर्मोपदेशक आणि वकील यांनी निरनिराळ्या काळी, कधी न्यायालयात तर कधी कायदा जाणूनबुजून मोडून, हा लढा दिला. नागरिकाने कोठे जावे व कोणाला भेटावे हे ठरविण्याचा अधिकार शासनास आहे काय आणि असल्यास तो किती, हा या चळवळीचा मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी : देश सोडण्याची व परत येण्याची मुभा हा हक्क फार जुना आहे. इंग्लंडमधील १२१५ च्या मॅग्ना कार्टात त्याचा उल्लेख होता; मात्र १२१६ च्या सुधारित सनदेतून ते कलम वगळण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १३ व्या अनुच्छेदाने स्वदेशासह कोणताही देश सोडण्याचा व स्वदेशी परतण्याचा प्रत्येकाचा हक्क घोषित केला. अमेरिकेच्या संविधानात मात्र परदेशप्रवासाचा स्पष्ट निर्देश नाही.

१८५६ च्या कायद्याने पारपत्र देण्याचा अधिकार एकट्या परराष्ट्रमंत्र्याकडे सोपविला. त्यापूर्वी राज्यांचे गव्हर्नर, महापौर व नोटरीदेखील अशी पत्रे देत असत. कायद्यातील शब्दयोजनेचा अर्थ परराष्ट्रमंत्री पारपत्र ‘देऊ शकेल’ असा असल्याने, देणे वा न देणे ही त्याच्या मर्जीची बाब आहे, असा समज रूढ झाला. युद्धकाळ सोडल्यास पारपत्राशिवाय देशाबाहेर जाण्यास बंदी नव्हती. त्यामुळे या समजुतीची झळ फारशी कोणास लागली नाही. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टने घोषित आणीबाणीच्या काळात पारपत्राशिवाय देश सोडणे वा देशात परतणे गुन्हा ठरविला. पारपत्र नाकारणे म्हणजे नागरिकास देशातच अडकवून ठेवणे, असा अर्थ त्यामुळे प्राप्त झाला. तत्पूर्वी १९५० च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याने, नोंदणीचा आदेश झालेल्या साम्यवादी संघटनांच्या सदस्यांस पारपत्रासाठी अर्ज करण्यासही मनाई केली होती.

पारपत्रे नाकारण्याचे धोरण : शीतयुद्धाच्या पहिल्या दशकात परराष्ट्रखात्याच्या पारपत्र विभागाने हा अधिकार सढळपणे वापरला. रूथ शिप्ली (१८८५–१९६६) या १९२८ ते १९५५ पर्यंत या विभागाच्या प्रमुख होत्या. अर्जदाराचा प्रवास ‘राष्ट्रहितास पोषक नाही’ एवढेच कारण अनेकदा पुरेसे समजले जाई. पुरावा दाखविला जात नसे व सुनावणीही होत नसे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग (१९०१–९४) यांना १९५२ मध्ये लंडन येथील वैज्ञानिक सभेस जाता आले नाही; १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर मात्र ते स्वीकारण्यासाठी त्यांना पारपत्र मिळाले. नाटककार आर्थर मिलर (१९१५–२००५) यांना आपल्याच नाटकाच्या ब्रूसेल्समधील प्रयोगास १९५४ मध्ये उपस्थित राहता आले नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम ड्यू बॉइस (१८६८–१९६३) यांनाही अनेक वर्षे देशाबाहेर जाता आले नाही.

या धोरणाची सर्वांत मोठी झळ कृष्णवर्णीय गायक व नट पॉल रोब्सन (१८९८–१९७६) यांना बसली. १९५० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द झाले. ते आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करतात, हे शासनाने त्यांच्याविरुद्धच्या दाव्यात कारणांपैकी एक म्हणून मांडले. कॅनडात जाण्यास पारपत्र लागत नसतानाही जानेवारी १९५२ मध्ये त्यांना सरहद्दीवर अडविण्यात आले. तेव्हा व्हँकूव्हर येथील कामगार संघटनेच्या अधिवेशनासाठी ते दूरध्वनीवरून गायिले. त्याच वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टन राज्य व ब्रिटिश कोलंबिया यांच्या सीमेवरील ‘पीस आर्च’ या कमानीजवळ एका ट्रकवर उभे राहून त्यांनी गायन केले व सीमेच्या दोन्ही बाजूंना जमलेल्या हजारो श्रोत्यांनी ते ऐकले. असे कार्यक्रम पुढे १९५५ पर्यंत दरवर्षी झाले. १९५७ मध्ये लंडनमधील सभागृहात जमलेल्या श्रोत्यांना त्यांचे गायन अटलांटिकखालून टाकलेल्या दूरध्वनितारेतून ऐकविण्यात आले. माणूस अडविता आला, तरी त्याचा आवाज अडविता येत नाही, हे या कार्यक्रमांनी दाखवून दिले आणि निर्बंधांचा हास्यास्पदपणा जगापुढे आणला. १९५८ मध्ये त्यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त भारतातही सत्कार-समिती स्थापन झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला तिचे अध्यक्ष होते व पंतप्रधान नेहरूंनी तिला जाहीर पाठिंबा दिला होता.

न्यायालयीन लढा : चित्रकार रॉकवेल केंट (१८८२–१९७१) यांना हेलसिंकी येथील शांतता परिषदेस जावयाचे होते. आपण साम्यवादी पक्षाचे सदस्य आहोत किंवा होतो काय, याविषयी शपथपत्र द्यावे, अशी अट खात्याने घातली. मताचा व प्रवासाचा काही संबंध नाही, असे म्हणून केंट यांनी ती नाकारली. लॉस अँजेल्स येथील मानसोपचारतज्ञ वॉल्टर ब्रील यांनीही हीच भूमिका घेतली. इमर्जन्सी सिव्हिल लिबर्टीज कमिटी या संस्थेचे वकील लेनर्ड बूडीन (१९१२–८९) यांनी केंट यांची बाजू मांडली. १६ जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी परराष्ट्रखात्याविरुद्ध निर्णय दिला. परदेशप्रवास हा पाचव्या घटनादुरुस्तीने संरक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भाग असून रीतसर प्रक्रियेशिवाय तो हिरावून घेता येणार नाही, असे न्यायमूर्ती विल्यम डग्लस (१८९८–१९८०) यांनी प्रतिपादिले. तथापि निर्णयाचा प्रत्यक्ष आधार मर्यादित होता : मतांच्या कारणावरून पारपत्र नाकारण्याचा अधिकार काँग्रेसने परराष्ट्रमंत्र्यास दिलेलाच नाही, एवढेच न्यायालयाने ठरविले. त्याचा परिणाम मात्र तात्काळ झाला. रोब्सन व ड्यू बॉइस यांना त्याच वर्षी पारपत्रे मिळाली.

काँग्रेसने स्पष्टपणे केलेल्या मनाईचा प्रश्न १९६४ मध्ये ॲप्थेकर खटल्यात उपस्थित झाला. इतिहासकार हर्बर्ट ॲप्थेकर (१९१५–२००३) व साम्यवादी पक्षाच्या अध्यक्षा एलिझाबेथ गर्ली फ्लिन (१८९०–१९६४) हे त्यातील वादी होते. प्रवासाचा हेतू, स्थळ वा सदस्याचा प्रत्यक्ष सहभाग यांचा विचार न करता सरसकट बंदी घालणारे १९५० च्या कायद्यातील कलम न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. अशा रीतीने व्यक्तीच्या मतांवर आधारलेले निर्बंध बव्हंशी संपुष्टात आले.

प्रदेशनिर्बंध व क्यूबा : दुसऱ्या प्रकारचे निर्बंध व्यक्तीवर नसून प्रदेशावर होते. चीनसारख्या काही देशांसाठी अमेरिकन पारपत्र वैध नसे. पत्रकार विल्यम वर्दी (१९२१–२०१४) यांनी ही बंदी मोडून १९५६ च्या अखेरीस चीनला भेट दिली. तेव्हा त्यांच्या पारपत्राचे नूतनीकरण नाकारण्यात आले. १९६१ मध्ये ते पारपत्राविनाच क्यूबास गेले व परतल्यावर पारपत्राशिवाय स्वदेशात प्रवेश केल्याबद्दल दोषी ठरले. स्वदेशी परतणे हा नागरिकाचा गुन्हा होऊ शकत नाही, असे सांगून अपील न्यायालयाने १९६४ मध्ये ही शिक्षा रद्द केली. त्यांच्यावर फिल ऑक्स या लोकगायकाने गीतही रचले.

क्यूबासाठी पारपत्रे अवैध असल्याची घोषणा परराष्ट्रखात्याने जानेवारी १९६१ मध्ये केली. १९६३ मध्ये ५८ अमेरिकनांचा, मुख्यतः विद्यार्थ्यांचा, एक गट बंदी झुगारून यूरोपमार्गे हाव्हॅनास गेला. संयोजकांवर खटले भरण्यात आले. परंतु प्रदेशनिर्बंध मोडणे हा १९५२ च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा नाही, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये लाउब खटल्यात दिला. याउलट झेमल विरुद्ध रस्क (१९६५) या खटल्यात न्यायालयाने प्रदेशनिर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. केंट यांना त्यांच्या मतांमुळे अडविले होते. येथे बंदी सर्व नागरिकांना सारखीच लागू असून ती परराष्ट्रधोरणाच्या गरजेतून आली आहे, हा फरक न्यायालयाने निर्णायक मानला. या दोन निर्णयांमुळे प्रदेशनिर्बंध वैध, पण ते मोडणाऱ्यास शिक्षा नाही, अशी चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. तिचा लाभ घेऊन १९६९ पासून ‘व्हेन्सेरेमोस ब्रिगेड’ या संघटनेमार्फत अमेरिकन तरुणांची पथके ऊसतोडणीसाठी क्यूबास जाऊ लागली.

१९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पारपत्रावरील निर्बंध उठविले. प्रदेशनिर्बंध केवळ युद्ध, सशस्त्र संघर्ष किंवा प्रवाशांच्या आरोग्यास वा सुरक्षिततेस निकटचा धोका असेल तरच घालता येतील, अशी कायदेशीर मर्यादाही १९७८ मध्ये काँग्रेसने घातली. त्याच वेळी परदेशप्रवासासाठी पारपत्राची सक्ती मात्र कायमची झाली.

खर्चावरील निर्बंध : १९८२ मध्ये अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांच्या शासनाने वेगळा मार्ग काढला. १९१७ च्या शत्रुव्यापारविषयक कायद्याखाली १९६३ मध्ये केलेल्या नियमांचा आधार घेऊन पर्यटनासाठी क्यूबात पैसा खर्च करण्यास अर्थखात्याने बंदी घातली. प्रवासास बंदी नाही, परंतु भोजन, निवास व वाहन यांवर खर्च करता येणार नाही, असा याचा अर्थ होतो. व्यवहारात तो प्रवासबंदीहून भिन्न नाही. रेगन विरुद्ध वॉल्ड (१९८४) या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने हा उपाय वैध ठरविला.

यानंतर चळवळीने सविनय कायदेभंगाचा अधिक अवलंब केला. धर्मोपदेशक ल्यूशस वॉकर (१९३०–२०१०) यांनी स्थापन केलेल्या ‘पास्टर्स फॉर पीस’ या संस्थेने १९९२ पासून औषधे व शालोपयोगी साहित्य घेऊन क्यूबाकडे वाहनांचे तांडे नेले. शासकीय परवाना मिळणे शक्य असूनही तो मागावयाचा नाही, हे या संस्थेचे तत्त्व होते. कारण शेजाऱ्यास मदत करण्यासाठी परवाना लागतो हे मान्य करणे म्हणजेच निर्बंध मान्य करणे होय, अशी तिची भूमिका होती. १९९३ मध्ये टेक्सस राज्यातील लरेडो येथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तांड्यातील शालेय बस अडविली. तेव्हा कार्यकर्त्यांनी त्या बसमध्येच २३ दिवस उपोषण केले व अखेर बस सोडण्यात आली. त्याच वर्षी ‘फ्रीडम टू ट्रॅव्हल कँपेन’ या गटाने परवान्याशिवाय क्यूबाचा सामुदायिक प्रवास घडवून आणला. मात्र १९९६ मध्ये अपील न्यायालयात त्यास अपयश आले. दंडाची नोटीस आलेल्या अनेक प्रवाशांनी दंड न भरता सुनावणीची मागणी केली व नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी त्यांना साहाय्य केले.

क्यूबातून आलेल्या निर्वासितांच्या कुटुंबांनाही या निर्बंधांचा त्रास झाला. २००४ च्या नियमांनी आप्तांना भेटण्याची मुभा तीन वर्षांतून एकदा एवढीच ठेवली. मृत्युशय्येवरील आईबापांना भेटण्यासाठीही अपवाद नव्हता. ही मर्यादा २००९ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी काढून टाकली. २०१५ मध्ये १२ प्रकारच्या कारणांसाठी वेगळा परवाना न घेता जाण्याची सोय झाली व २०१६ मध्ये नियमित विमानवाहतूक सुरू झाली. २०१९ मध्ये यांतील काही सवलती काढून घेण्यात आल्या व २०२२ मध्ये काही अंशतः परत देण्यात आल्या. केवळ पर्यटनासाठी जाण्याची बंदी मात्र काँग्रेसने २००० मध्येच कायद्यात समाविष्ट केली असल्याने अध्यक्षांच्या आदेशाने ती उठविता येत नाही.

भारतातील प्रतिध्वनी : केंट खटल्याचा प्रभाव अमेरिकेपुरता मर्यादित राहिला नाही. भारतातही पारपत्र देणे ही शासनाच्या मर्जीची बाब मानली जाई. मुंबई उच्च न्यायालयाने परदेशप्रवासाचा हक्क मान्य केला होता, तर दिल्ली उच्च न्यायालयाचे मत विरुद्ध होते. सतवंत सिंग सहानी खटल्यात १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील वैयक्तिक स्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला व त्यात केंट खटल्याचा आधार घेतला. परिणामी त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. मनेका गांधी खटल्यात (१९७८) पारपत्र जप्त करण्याची प्रक्रिया न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, असे तत्त्व प्रस्थापित झाले. एका पारपत्राच्या वादातून आलेले हे तत्त्व पुढे भारतातील मूलभूत हक्कांच्या विवेचनाचा पायाच ठरले.

मूल्यमापन : निर्बंधांच्या समर्थकांचे युक्तिवाद सर्वस्वी निराधार नव्हते. परदेशात संकटात सापडलेल्या नागरिकांची जबाबदारी शासनावर येते. तसेच प्रवाशांचा पैसा क्यूबातील एकपक्षीय राजवटीस बळ देतो, असे तेथून परागंदा झालेल्या अनेकांचे म्हणणे होते. त्यावर चळवळीचे उत्तर असे, की परराष्ट्रधोरण ठरविताना नागरिकांना त्या देशाची माहिती केवळ शासनाकडून मिळणार असेल, तर त्या धोरणाची परीक्षा त्यांनी कशी करावी? अमेरिकेने १९७४ च्या व्यापारविषयक कायद्याद्वारे सोव्हिएट रशियासारख्या देशांच्या व्यापारसवलती त्यांच्या नागरिकांच्या देशत्यागाच्या मुभेशी निगडित केल्या होत्या. त्यामुळे तिच्या स्वतःच्या निर्बंधांतील विसंगती अधिकच ठळक झाली.

चळवळीचे यश संमिश्र आहे. मतांसाठी पारपत्र नाकारण्याची प्रथा तिने मोडली. परंतु हेग विरुद्ध एजी (१९८१) या खटल्यात, राष्ट्रीय सुरक्षेस गंभीर हानी पोहोचविणाऱ्या व्यक्तीचे पारपत्र रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. १९७८ च्या मर्यादेत राहूनच २०१७ मध्ये उत्तर कोरियाच्या प्रवासासाठी अमेरिकन पारपत्र अवैध ठरविण्यात आले. देशांतर्गत संचाराच्या हक्काइतके संरक्षण परदेशप्रवासाच्या हक्कास अमेरिकन न्यायालयांनी दिलेले नाही. तो मान्य आहे, पण परराष्ट्रधोरणाशी संघर्ष आल्यास प्रायः तोच मागे पडतो.