आधीं रस्ता, मग विक्री

पालघर जिल्ह्यांतील बोईसरलगतचें सालवड हें मूळचें शेतीचें गांव. शेजारीं तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि भातखाचरांना घरांच्या भूखंडांचा भाव आला. अशा गांवीं एखादें कुटुंब जास्तीची जमीन विकावयास काढतें, तेव्हां किंमत, मोजणी, सातबारा यांची चौकशी कसून होते. मागच्या तुकड्यांत जावयाचें कोठून, हा प्रश्न मात्र पुष्कळदां खरेदीखत होऊन गेल्यावरच उपस्थित होतो.

समजा, तेथील एका मालकाचें दोन एकरांचें शेत आहे व त्याची एकच बाजू हमरस्त्यास लागते. तो पुढचा एकर विकतो आणि मागचा स्वतःकडे ठेवतो. खतांत रस्त्याविषयीं एक अक्षरही नाहीं. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा या मालकास अगदींच वाऱ्यावर सोडीत नाहीं. एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे झाले आणि एका तुकड्यास दुसऱ्यांतून गेल्यावांचून वाटच उरली नाहीं, तर कलम १३ प्रमाणें जाण्यायेण्याचा हक्क मिळतो. विकणारा व घेणारा, दोघांसही त्याचा आधार घेतां येतो.

परंतु या आधारावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे. येथें गरज म्हणजे सोय नव्हे. लांबची, गैरसोयीची कां होईना, दुसरी हक्काची वाट असली कीं हा दावा लंगडा पडतो. शिवाय कलम ४१ प्रमाणें गरज सरली कीं हक्कही सरतो.

‘आम्ही वर्षानुवर्षें येथूनच जातों’ असें सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांनीं कलम १५ ध्यानांत घ्यावें. वापर उघड, शांततेचा, अखंड व हक्काच्या नात्यानें २० वर्षें झालेला असला पाहिजे. जमीन सरकारी असल्यास ३० वर्षें. शेजाऱ्यानें स्नेहापोटीं दिलेल्या परवानगीनें चाललेली वाट कितीही जुनी असली, तरी तिच्यांतून हक्क निर्माण होत नाहीं. आणि कलम २८ सांगतें कीं, एका प्रकारच्या वाटेच्या हक्कांत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाहीं. पायवाट सिद्ध झाली, म्हणून तींतून विटांची मालमोटार नेतां येईलच असें नाहीं.

यास्तव विक्रीपूर्वींच मोजणी करून नकाशावर रस्ता आंखावा. त्याची रुंदी, त्यावरून कोणतीं वाहनें जातील, खालून नळ व गटार आणि वरून विजेची तार नेण्याचा अधिकार, दुरुस्तीचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें सर्व नोंदणीच्या खतांत लिहावें. असा हक्क जमिनीबरोबर चालतो. मालक बदलला तरी तो बुडत नाहीं. पुढें घर बांधावयाचें झाल्यास परवानगी देणारें प्राधिकरणही रस्त्याची रुंदी पाहतेंच.

रस्त्यापायीं जमीन वाया जाते, अशी मालकाची तक्रार असते. तिचा हिशेब सोपा आहे. पुढचा एकर चौरस धरला, तर त्याची एक बाजू सुमारें २०९ फूट भरते. तींतून ३० फुटी रस्ता काढल्यास सुमारें पावणेसहा गुंठे जातात. त्यांच्या बदल्यांत मागच्या ४० गुंठ्यांस वाट मिळते. वाट नसलेले ४० गुंठे घेण्यास गिऱ्हाईक कोण येणार?

सार्वजनिक जमिनीसही हाच न्याय लागू आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्यास त्यानें आधीं रस्ते व गटारें केलीं आणि मग भूखंड भाडेपट्ट्यानें दिले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाला, तेव्हां शासनानें सिडकोकडे सुमारें ४४० हेक्टर जमीन सोंपविली. तींतील सुमारें १०३ हेक्टरांवर जिल्ह्याचें मुख्यालय आणि उरलेल्या जमिनीवर नवें नगर वसवून, भूखंडांच्या विक्रींतून खर्च भागवावा, अशी ती योजना होती. अशा विक्रींत नकाशावरील रस्ता हाच भूखंडाच्या किमतीचा पाया असतो.

सालवडचा दोन एकरांचा मालक आणि सिडको यांच्या व्यवहारांत अंतर मोठें आहे. कामाचा क्रम मात्र दोघांनाही एकच. विक्रीपूर्वीं रस्ता काढणें मालकाच्या हातीं असतें. विक्रीनंतर तो मागावा लागतो, शेजाऱ्याकडे किंवा न्यायालयाकडे.