दुखणे थांबवणारी गोळी

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. दिवसभर वाकून, मोळ्या उचलून कंबर धरते. मग डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली जाते. ती काय करते, ते आपण पाहू.

इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते, वेदना वाढते. ॲस्पिरिन ही रसायने तयार होऊ देत नाही, असे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. वरच्या गोळ्याही हेच करतात. पण हीच रसायने जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. म्हणून खूप घाम गेलेला असताना, पाणी न पिता घेतलेली गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. कंबर थांबते; ही इजा मात्र लवकर कळत नाही.

तेव्हा गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, कमीत कमी दिवस घ्यावी. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास आधी सांगावे. दोन निराळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच असू शकते. रिकामी वेष्टने वर्गात आणून त्यांवरचे घटक मुलांकडून वाचून घेऊ या. घरी वाचणारे तेच असतात.