‘लिटल’ची जात कोणती?

‘जात’ हा शब्द मला फक्त व्याकरणात खटकत नाही. तिथली जात जन्मानं ठरत नाही, कामावरून ठरते. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना हे पटवायला लहानपणा सांगणारे शब्दच सगळ्यांत सोयीचे पडायचे. कारण मुलांचा हिशेब ठरलेला: अर्थ ‘लहान’ दिसला, की डोळे मिटून विशेषण.

‘टायनी’पुरता हा हिशेब चालतो. ‘स्मॉल’पाशी अडतो. ‘चॉप द अनियन्स स्मॉल’, म्हणजे कांदा बारीक चिर. इथे ‘स्मॉल’ कसं चिरायचं ते सांगतो, म्हणून शब्दकोश त्याला क्रियाविशेषण म्हणतो. ‘द स्मॉल ऑफ द बॅक’मध्ये तर तो चक्क नाम आहे: कमरेच्या वरचा, पाठीचा आत वळलेला भाग. अलीकडे ‘द’, पलीकडे ‘ऑफ’, आणि ज्याच्याबद्दल विशेष सांगावं असं नाम पुढे नाही. अशा खुणा बघायच्या, अर्थ नंतर.

खरा बिलंदर ‘लिटल’. ‘अ लिटल गर्ल’मध्ये विशेषण, ‘ही स्लेप्ट लिटल’मध्ये क्रियाविशेषण. ‘लिटल इज नोन’मध्ये तो स्वतःच कर्ता होऊन बसतो, म्हणजे सर्वनामाचं काम करतो. ‘लिटल मिल्क’ म्हटलं की आकार गेला, प्रमाण आलं. जुनी पुस्तकं याला परिमाणवाचक विशेषण म्हणतात, नवी ‘डिटर्मिनर’. मला नवं नाव पटतं, कारण फरक तुलनेत उघडा पडतो: प्रमाणाचा ‘लिटल’ ‘लेस’ होतो, आकाराच्या ‘लिटल’साठी बहुधा ‘स्मॉलर’ वापरतात. शिवाय आधीच्या ‘अ’कडे दुर्लक्ष नको. ‘लिटल मिल्क’ म्हणजे दूध जवळजवळ नाहीच. ‘अ लिटल मिल्क’ असेल तर चहा होईल. आपलं ‘थोडं’ही अशीच कामं बदलतं: ‘थोडं दूध’ आणि ‘थोडं थांब’.

एक शब्द तर नुसता वाचून कळत नाही. स्पेलिंग तेच, पण पहिल्या अवयवावर जोर देऊन ‘मिनिट’ म्हटलं तर नाम, दुसऱ्यावर जोर देऊन ‘माइन्यूट’ म्हटलं तर अतिसूक्ष्म या अर्थाचं विशेषण. मूळ एकच, बारीक केलेलं या अर्थाचं लॅटिन ‘मिनुता’. पहिला बारीक भाग तो मिनिट, त्याचा पुन्हा केलेला दुसरा बारीक भाग तो सेकंद. सभेचा वृत्तांत नोंदवणं या अर्थानं ‘मिनिट’ क्रियापदही होतं.

‘मिनिएचर’ मात्र या घराण्यातला नव्हे. तो ‘मिनियम’वरून आला, म्हणजे शेंदूर. युरोपातल्या हस्तलिखितांत त्यानं अक्षरं रंगवत. पुढे अशा पोथ्यांतल्या चित्रांना तो शब्द लागला, आणि चित्रं छोटी म्हणून अर्थही छोटा झाला. आज तो नाम आणि विशेषण दोन्ही आहे.

या जातींच्या भिंती तरी कुठे पक्क्या? प्राचीन ग्रीक वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरच्या आठ जातींत विशेषणाला वेगळं घरच नाही. ते नामातच मोडायचं.

तेव्हा पालकहो, मुलाच्या वहीत ‘लिटलचं पार्ट ऑफ स्पीच लिहा’ असा सुटा प्रश्न दिसला, तर उत्तर पाठ करून घेऊ नका. शिक्षकांकडे आधी वाक्य मागा.