बीदर-कलबुर्गीला जाताना कोणती लेन्स?

घरातल्या मुलांनी नवा कॅमेरा घेतला की माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "मामा, आता दुसरी लेन्स कोणती घेऊ?" बहुतेकांच्या मनात लांबचं जवळ आणणारी मोठी झूम असते. मी म्हणतो, आधी फिरायला कुठे जाणार ते सांगा. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात अडचण अंतराची कमी आणि उजेडाची जास्त आहे.

अष्टूरचंच बघा. अहमदशाह वली बहमनीच्या मकबऱ्यात भिंतींपासून घुमटापर्यंत सोनेरी आणि गडद रंगांतली नक्षी व सुलेखन आहे. बाहेर लख्ख ऊन, पण आत गेल्यावर डोळे सरावायलाच वेळ लागतो. जुन्या रंगांवर फ्लॅश मारू नये. ट्रायपॉड न्यायचा तर आधी परवानगी काढावी लागते. म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते. ३५ मिमी एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. जिथे १/१० सेकंद लागत होता, तिथे १/१०० पुरतो आणि फोटो हलत नाही.

मग जुनी लेन्स घरी ठेवायची का? मुळीच नाही. कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद पूर्ण छताखाली आहे, तिला उघडं अंगण नाही. कमानींच्या त्या रांगा १८ मिमीच्या रुंद कोनातच मावतात. रुंद कोनात हाताची थरथर कमी दिसते, कमानीही हलत नाहीत. त्यामुळे आयएसओ १६०० ठेवून १/३० सेकंदावरही काम भागतं.

बीदरच्या बिदरी कारागिरांकडे मात्र पुन्हा ३५ मिमी लावा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, कारागिराची चालती हातोडी थांबवत नाही. त्यासाठी वेगवान शटरच हवं. आधी त्यांना विचारा, मग दारातून येणारा उजेड बाजूने पडेल असे बसा. काळा धातू पाहून कॅमेरा फसतो आणि त्याला राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर उणे एकवर न्या, म्हणजे काळा काळाच राहील आणि चांदीची तार उठून दिसेल.

एफ २.८ ची झूम उत्तमच, पण ती महाग आणि जड. विद्यार्थ्यांनी आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांनी एवढा खर्च करण्याआधी एक करून पाहावं. जुनी लेन्स ३५ वर ठेवून संध्याकाळी घरातच फोटो काढा, झूमला हात लावू नका. देवघरात दिवा लावणारी आजी, स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आई. दोन पावलं पुढे-मागे होऊन चौकट जमली, फक्त उजेड कमी पडला, तर ३५ मिमी एफ १.८ खुशाल घ्या.