पेरणी यंत्राची चकती घरच्या साच्यातून

पेरणी यंत्रातील बियाणे सोडणारी प्लॅस्टिकची चकती दिसायला किरकोळ. पण वापसा आला असताना तीच तडकली तर यंत्र बांधावर उभे राहते, आणि त्याच मापाची चकती तालुक्याला मिळेलच असे नाही. सिलिकॉन रबराचा साचा करून ठेवल्यास अशा चकत्या घरी ओतता येतात. पेणच्या गणपती कारखान्यांतील रबरी साच्याचे तत्त्वच येथे वापरावयाचे आहे.

साचा नव्या चकतीवरूनच घ्यावा. सिलिकॉन बारीक ओरखडासुद्धा टिपते. झिजलेल्या चकतीचा साचा घेतला तर झीजही उतरते, घर मोठे होते आणि एका जागी दोन दाणे पडतात.

चकतीची सपाट बाजू काचेवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने बसवावी. भोवती बोटभर जागा सोडून सनमायकाच्या पट्ट्यांचे कुंपण करावे व फटी मेणाने बुजवाव्यात. किती रबर लागेल ते पाहण्यासाठी कुंपणात चकतीच्या वर १० मिलिमीटरपर्यंत मोहरी भरून ती मापाच्या ग्लासात मोजावी आणि चौकट पुसून घ्यावी. सर्वसाधारण सिलिकॉनमध्ये घट्ट करणारे द्रावण वजनाने बहुधा २ ते ५ टक्के लागते. डब्यावरील प्रमाण प्रमाण मानून काट्यावर तोलावे, थेंबांच्या अंदाजावर जाऊ नये. कमी पडल्यास रबर चिकट राहते, जास्त पडल्यास ओतण्यापूर्वीच घट्ट होऊ लागते. सावकाश ढवळून एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. २४ तासांनी साचा सोडवावा व आणखी दोन-तीन दिवस तसाच ठेवावा. चकतीला दोन्ही बाजूंनी उठाव असेल तर साचा दोन भागांत घ्यावा लागतो. त्या वेळी पहिल्या भागावर व्हॅसलीनचा हात फिरवावा, नाहीतर सिलिकॉन सिलिकॉनलाच कायमचे चिकटते.

ओतण्यासाठी दोन भागांची पॉलीयुरेथेन राळ सोयीची. मात्र तिला ओलावा मुळीच चालत नाही. हवेतील दमटपणानेही तिच्यात वायू तयार होऊन चकती पावासारखी फुगते. म्हणूनच हे काम चैत्र-वैशाखात उरकावे, मृगाची वाट पाहू नये. मिसळल्यावर राळ काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, तेव्हा एका वेळी एकाच चकतीपुरती कालवावी. तिची वाफ श्वसनास घातक आहे. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. दम्याच्या रुग्णाने करू नये. स्वयंपाकघरातील भांडी वापरू नयेत.

फवारणी पंपाचे दाब सोसणारे भाग किंवा ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावरील संरक्षक आवरण मात्र अशा रीतीने कधीही करू नये. ते फुटले तर जिवाशी गाठ आहे.

तयार चकतीची वरची बाजू काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासून मूळ जाडीस आणावी. जाड राहिली तर अडकते, पातळ झाली तर खालून दाणे गळतात. नंतर यंत्राचे चाक उचलून २० फेरे द्यावेत व पडलेले दाणे मोजावेत. मूळ चकतीनेही तेवढेच फेरे देऊन ताडून पाहावे. दाणे कमी पडत असतील तर घरे कानशीने किंचित मोकळी करावीत. जास्त पडत असतील तर ती चकती बाजूला टाकून दुसरी ओतावी.