बुढापाऱ्याचे वाडे कोणाच्या धानावर उभे राहिले?

बुढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा, सदर बाजार, पुरानी बस्ती. रायपूरचा हा जुना खानदानी भाग बघायला येणारा बहुतेक वेळा हिरमुसला होऊन परततो. वाड्याच्या दर्शनी भागात दुकानांची शटर्स, वरच्या मजल्यावर उरलेला एखादा कोरीव खांब, मागे सिमेंटची नवी इमारत. मग ठरलेला निकाल दिला जातो: वारस लोभी निघाले. हा निकाल फार तर अर्धा खरा आहे. वाडे कशाच्या जोरावर उभे राहिले हे पाहिले, तर ते का ढासळले तेही कळते, आणि त्यात वारसांच्या स्वभावापेक्षा जमीन महसुलाचा वाटा मोठा आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडचा कारभार रतनपूरच्या सुभ्यातून चाले. परगण्यांवर कमाविसदार आणि गावात वसुलीला जबाबदार गौंटिया. 1818 नंतर इंग्रज अधिकारी कर्नल ॲग्न्यूने मुख्य ठाणे रायपूरला आणले, तरी गौंटियाकडे गावाची मालकी नव्हती. अनेक गावांत ‘लाखाबाटा’ चाले, म्हणजे ठरावीक वर्षांनी शेते नव्याने वाटून घेत, चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून. 1860च्या दशकातल्या इंग्रजी जमीन-बंदोबस्ताने वसूल करणाऱ्यालाच मालक केले आणि ‘मालगुजार’ हा वर्ग कायद्याने उभा राहिला. आता गाव विकता येऊ लागले, गहाण पडू लागले. 1880च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि इथल्या तांदळाला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या. मालगुजाराला कचेरी, वकील आणि सावकार हाताशी हवे होते. तो शहरात घर बांधणारच. अशा घराचे फाटक धानाने भरलेली बैलगाडी सरळ आत जाईल इतके रुंद ठेवत. दिवाणखान्याच्या छतापेक्षा ते फाटक निरखून पाहावे. घराचा धंदा तिथे कळतो.

यावर कोणी म्हणेल, सदर बाजारातल्या हवेल्या सराफ-सावकारांच्या, त्यांचा मालगुजारीशी काय संबंध? संबंध कर्जाचा. 1897 आणि 1900च्या दुष्काळांनी गावे कर्जात बुडाली आणि या प्रांतात कितीतरी मालगुजारी गावे सावकारांच्या नावे झाली. बुढापाऱ्यातले डे भवन मात्र वकिलीच्या पैशातले. ते भूतनाथ डे यांचे, भाषापंडित हरिनाथ डे यांच्या वडिलांचे. किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, 1877च्या सुमारास रायपुरात आले तेव्हा याच घरी राहिल्याचे सांगतात. आज या भागातल्या घरांपैकी सर्वांत जास्त चर्चा त्याची होते, ती पाहुण्यामुळे. थोर माणूस राहून गेला नाही अशा घराला आपल्या वारसाकल्पनेत जागाच नाही, ही तिची मोठी उणीव.

मालगुजारी 1951 साली कायद्याने गेली. मोबदला मिळाला, सीर, म्हणजे घरच्या कसणुकीची जमीन, घरात राहिली, मग वाडे का पडावेत, हा आक्षेप रास्त आहे. पण गावाचा सारा, जंगल, तलाव, बाजार यांचे उत्पन्न संपले आणि उरलेली जमीन पिढीगणिक भावाभावांत वाटली गेली. एका चौकाचे चार हिस्से झाले की छपराची कौले चाळायची कोणी, यावर एकमत होत नाही. पुरावा शेजारीच आहे. दूधाधारी आणि जैतूसाव मठांकडेही मालगुजारी गावे होती, कायदा त्यांनाही लागू झाला, तरी मठ उभे आहेत. कारण महंताच्या गादीची वाटणी होत नाही. 1875 सालच्या जुन्या संग्रहालयाची अष्टकोनी इमारतही टिकली, तिला सरकारचा आधार आहे. 2000 साली रायपूर छत्तीसगड राज्याची राजधानी झाल्यावर जमिनीचे भाव चढले आणि पाडापाडीला जोर आला हे खरे. पण भावाने घाव घातला तो आधीच तडकलेल्या भिंतींवर.

सर्वांत टोकदार आक्षेप वेगळाच आहे: रयतेच्या सारा-बेगारीवर उभी राहिलेली घरे सार्वजनिक पैशाने कशाला जपायची? मालकाच्या गौरवासाठी जपू नयेत, हे मान्य. खासगी डागडुजीवर सरसकट अनुदान उधळण्याचेही कारण नाही. पण लाखाबाटा मोडून काय उभे राहिले, त्याचा विटा-लाकडातला पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार? शेत कसणाऱ्याचे मातीचे घर तर कधीच विरघळले. महापालिकेने पाडण्याची परवानगी देताना वाड्याचा मोजून काढलेला नकाशा, छायाचित्रे आणि घरातल्या बंदोबस्ताच्या कागदांच्या प्रती घेण्याची अट घालावी. आज शटरमागे असलेला एखादा दस्तऐवज उद्या रद्दीत जाईल, आणि कोणत्या गावचे धान कोणत्या चौकात उतरत होते, हे मग कोणालाच सांगता येणार नाही.