पुरावा कोणापाशीं मागावा?

१ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले. मुलें पळविणारी टोळी ती हीच, अशी आवई उठली. आणि ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून जमावानें त्या पांचहि जणांस ठार मारिलें.

लोक अडाणी, म्हणून हें घडलें, असें म्हणून आमचे सुशिक्षित वाचक मोकळे होऊं पाहतील. आम्हांस तें मान्य नाहीं. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीच्या मूर्ति दूध पितात म्हणून देशभर देवळांपुढें ज्या रांगा लागल्या, त्यांत पदवीधर काय थोडे होते? शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळून दाखविलें कीं, चमचा टेंकतांच दूध पृष्ठताणामुळें ओढलें जाऊन मूर्तीच्या अंगावरूनच ओघळतें. चमचाभर दुधाची हानि, म्हणून आपण तो प्रसंग हंसण्यावारी नेला, आणि न तपासतां मान डोलविण्याची आपली संवय होती तशीच राहिली.

२०१८ सालीं व्हॉट्सॲपवरून देशभर फिरलेली एक चित्रफीत पहा. दुचाकीवरून आलेले दोन इसम रस्त्यावरील मूल उचलून नेतात, एवढेंच तींत दिसे. मूळ फीत कराचीची. मुलांस जपा, हें सांगण्यासाठीं मुद्दाम तयार केलेली. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कापून टाकला कीं झाला पुरावा तयार!

आम्हांस सर्वांत खटकतें तें निराळेंच. परक्या भिक्षेकऱ्यांनीं आपण चोर नाहीं हें सिद्ध करावें, अशी आपली अपेक्षा. अफवेला मात्र कोणाचें मूल गेलें, कोणत्या गांवचें, फिर्याद कोठें नोंदली, एवढेंहि कोणी विचारीत नाहीं. गांवोगांव हिंडून पोट भरणाऱ्यास परक्या गांवीं जामीन तरी कोण राहणार?

त्याच जुलै महिन्यांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडतां येणार नाहीं, अशी मर्यादा व्हॉट्सॲपनें भारतापुरती जाहीर केली. ठीक झालें. राईनपाड्यास हात उचलणाऱ्यांपैकीं कित्येकांस पोलिसांनीं पकडलें. घरीं बसून ते निरोप पुढें धाडणाऱ्यांत आपण नव्हतों, असें आमच्या वाचकांपैकीं किती जण छातीवर हात ठेवून सांगूं शकतील?